धवनच्या बदल्यात आलेला अभिषेक

हैदराबादच्या बेगम बाजारातील घाऊक व्यापाऱ्यांनाही विचारात पाडील असा सौदा त्याच शहराच्या क्रिकेट संघाने २०१८ च्या अखेरीस केला. सनरायझर्सने सलामीवीर शिखर धवनला दिल्लीकडे सोपवले आणि बदल्यात विजय शंकर, शाहबाज नदीम व अभिषेक शर्मा हे तिघे घेतले. २०१६ च्या विजेतेपदात धवनच्या ५०१ धावांचा वाटा होता. मात्र तो तेहतिशीच्या उंबरठ्यावर होता. अभिषेक अवघा अठरा वर्षांचा.

या अदलाबदलीत खेळाडूंची लिलावात ठरलेली रक्कमच पुढे चालली. धवनची ५.२० कोटी, अभिषेकची ५५ लाख. साहजिकच चर्चा झाली ती शंकरची. अभिषेक म्हणजे जणू माप भरल्यावर वरून टाकलेली मूठ.

आरंभी लाभ दिल्लीचाच झाला. धवनने २०१९ मध्ये ५२१ आणि २०२० मध्ये ६१८ धावा केल्या. हैदराबादने वाट पाहिली खरी, पण तीही अढळ विश्वासाने नव्हे: २०२२ च्या लिलावापूर्वी अभिषेकला मोकळे केले आणि लिलावात ६.५० कोटी मोजून परत आणले. म्हणून या सौद्याला दूरदृष्टी म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. २०२४ मध्ये त्याच्या ४८४ धावांच्या बळावर संघ अंतिम फेरीत पोहोचला. १२ एप्रिल २०२५ रोजी उप्पलच्या मैदानावर पंजाबविरुद्ध त्याने ५५ चेंडूंत १४१ धावा फटकावल्या; आयपीएलमधील भारतीय फलंदाजाची ती तोवरची सर्वोच्च खेळी. त्याआधीच धवन निवृत्त झाला होता, आणि शंकर व नदीमही हैदराबादच्या संघात उरले नव्हते.