ओहळाकाठच्या पाणथळ जमिनीसाठी अर्जुनसादडा

मोखाडा तालुक्यातील खोडाळा परिसरात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. वरकस उतारावरून वेगाने उतरणारे पाणी ओहळांतून वैतरणेला मिळते आणि जाताना काठाची माती व भातखाचरांचे बांध घेऊन जाते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र याच भागात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागते. ओहळाकाठची जी चिबड पट्टी भातालाही नीट उपयोगी पडत नाही, ती मोकळी न ठेवता तेथे स्थानिक झाडे लावल्यास काठ टिकतो, खाचर वाचते आणि पशुपक्ष्यांनाही आसरा मिळतो.

अर्जुनसादडाच का?

हिमालयात झऱ्यांच्या परिसरात बांज, म्हणजे ओकची एक जात, जपली जाते. ओक सह्याद्रीत नैसर्गिकरीत्या आढळत नाही. आपल्याकडे ओल्या काठाचा खरा वृक्ष म्हणजे अर्जुनसादडा. तो ऐनाच्याच कुळातील आहे; पण ऐनाची साल काळी व सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तर अर्जुनाची पांढरट व गुळगुळीत असते. त्याची मुळे काठाची माती घट्ट धरतात आणि काही दिवस पुराच्या पाण्यात उभे राहूनही झाड मरत नाही. साल औषधी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात अर्जुनाच्या पाल्यावर टसर रेशमाचे कीटक पोसले जातात.

जागेनुसार झाडांची निवड

एकाच जातीची झाडे न लावता मिश्र लागवड करावी.

१) पाण्याच्या अगदी कडेला : वाळुंज, निर्गुडी व वाळा गवत.
२) पुराचे पाणी येऊन ओसरते तेथे : अर्जुन, उंबर व करंज.
३) काठाच्या वरच्या, निचरा होणाऱ्या भागात : जांभूळ. पालघर जिल्ह्यातीलच बहाडोलीच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

उंबराला वर्षातून अनेकदा फळे येतात. त्यावर हरियाल, वटवाघळे व शेकरू जगतात, आणि हेच प्राणी बी दूरवर नेऊन टाकतात. ओहळात गळणारा पाला कुजून त्यावर पाणकिडे, त्यांवर मासे व खेकडे वाढतात. पावसाळ्यात मासे व खेकडे घरी आणणाऱ्या कुटुंबांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

रोपे तयार करणे

अर्जुनाची पाच पंखांची फळे उन्हाळ्यात झाडाखाली गोळा करावीत. ती दोन दिवस पाण्यात भिजवून पिशवीत लावावीत. उगवण एकदम होत नाही; काही आठवडे धीर धरावा. करंजाचे बी शेंगेतून काढून लावावे. जांभळाचे बी साठवून ठेवू नये. फळ खाल्ल्यावर धुऊन लगेच पेरावे. वाळुंज व निर्गुडी छाटांपासून सहज येतात.

लागवड

उन्हाळ्यात ४५ × ४५ × ४५ सेंटिमीटर आकाराचे खड्डे पाच-पाच मीटर अंतरावर खणावेत व माती आणि शेणखताने भरावेत. चांगले दोन पाऊस झाल्यावर वर्षाची रोपे लावावीत. पाणी साचून राहते तेथे खड्ड्याऐवजी मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. पुराचा जोर असलेल्या जागी घाई न करता ऑगस्टअखेर, पाणी ओसरल्यावर लागवड करावी. अन्यथा रोपे वाहून जातात.

निगा

भातकापणीनंतर गुरे मोकळी सुटतात आणि पुढे वणव्याचे दिवस येतात. रोपे बहुधा याच काळात मरतात. म्हणून दिवाळीपूर्वी करवंदीच्या किंवा बोरीच्या काट्यांचे कुंपण करावे, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे आणि पट्टीभोवतीचे वाळलेले गवत कापून न्यावे. गुरांना करंज फारसा आवडत नाही. तो बाहेरच्या ओळीत लावावा. राबासाठी काठावरच्या झाडांची फांद्यांसह छाटणी करू नये. राब न भाजता गादीवाफ्यावर शेणखत घालूनही भाताची चांगली रोपे तयार होतात.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. झाडे लावली म्हणजे लगेच झऱ्याचे पाणी वाढते असे नाही. झाडेही पाणी पितात. झऱ्याला पाणी मिळते ते वरच्या उतारावर मुरणाऱ्या पावसाचे. म्हणून झऱ्याच्या तोंडाशी दाट लागवड टाळावी आणि वरच्या माळावर समतल चर व दगडी बांध घालून पाणी मुरवावे. वर चर आणि खाली झाडे, अशी दोन्ही कामे जोडीने केली तरच ओहळ सांभाळला जाईल. शेजारच्या खातेदारांनी मिळून संपूर्ण काठावर ही लागवड केल्यास अधिक लाभ होईल, कारण एकाच्याच शेतापुरता काठ बांधून पूर थांबत नाही.