पुसलेल्या फितींचा शोध

श्रोतेहो, माझा सारा जन्म शाळेंत गेला. मास्तराच्या हातून सर्वांत अधिक वेळां होणारें काम कोणतें असेल, तर तें फळा पुसण्याचें. तास संपला, फळा पुसला, पुढच्या तासाला जागा झाली. त्याची खंत कोणी करीत नाहीं. कारण फळ्यावरचा मजकूर उद्यां पुन्हां लिहितां येतो. परंतु जें पुन्हां लिहितां येणार नाहीं, तेंहि त्याच सहज हातानें पुसलें गेलें तर काय होतें, हें मी आज सांगणार आहें.

१९६८ सालीं हृषीकेश येथें येऊन राहिलेले 'बीटल्स' हे चार इंग्रज गायक-वादक आपणांस ऐकून ठाऊक असतीलच. रॉक संगीताच्या इतिहासांत त्यांचें स्थान अगदीं पहिल्या ओळींतलें. बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर 'टॉप ऑफ द पॉप्स' हा साप्ताहिक कार्यक्रम १ जानेवारी १९६४ रोजीं सुरू झाला. त्याच्या प्रत्यक्ष प्रक्षेपणांत हे चौघे एकदांच स्वतः येऊन उभे राहिले, १६ जून १९६६ रोजीं. 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' हीं दोन गाणीं त्यांनीं सादर केलीं. त्याच वर्षीं २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्को येथें तिकीट लावून झालेला त्यांचा अखेरचा जलसा पार पडला. असा हा दुर्मिळ प्रसंग. पण त्याची चित्रफीत बी.बी.सी.जवळ उरली नाहीं. ती पुसण्यांत आली.

असें कां झालें, हें समजण्यास त्या फितीचें स्वरूप जाणून घेतलें पाहिजे. चित्र आणि ध्वनि दोन्ही चुंबकीय फितीवर उतरविणारें यंत्र अमेरिकेंतील अँपेक्स कंपनीनें १९५६ सालीं पुढें आणलें. फीत दोन इंच रुंद, आणि तिच्यावर लोहाच्या संयुगाच्या सूक्ष्म कणांचा लेप. यंत्रांतील चुंबकानें त्या कणांना विशिष्ट रचना दिली कीं चित्र उतरलें. प्रबळ चुंबकक्षेत्रांतून फीत नेली कीं रचना मोडली आणि फीत कोरी झाली. कॅमेऱ्याची फिल्म एकदां वापरली कीं संपते. ही फीत पुनःपुन्हां वापरतां येई. शिवाय ती फार महाग होती. जो तिचा गुण, तोच घातक ठरला.

त्यांत आणखी कारणांची भर पडली. नट आणि वादक यांच्या संघटनांशीं झालेल्या करारांमुळें जुने कार्यक्रम पुन्हां दाखविण्यावर निर्बंध होते. नोव्हेंबर १९६९ मध्यें बी.बी.सी.ची मुख्य वाहिनीहि रंगीत झाली. तेव्हां जुने कृष्णधवल कार्यक्रम यापुढें कोण पाहणार, असें वाटूं लागलें. चित्रफिती लावण्याचीं यंत्रें घरोघरीं अद्यापि यावयाचीं होतीं. दाखवितां येत नाहीं, विकतां येत नाहीं, आणि कपाटें तर भरलीं. मग फीत पुसावी, हाच शहाणपणा ठरला. १९७८ च्या सुमारास हें धोरण थांबलें. तोंवर 'टॉप ऑफ द पॉप्स'च्या पहिल्या दहा वर्षांतील बहुतेक भाग नाहींसे झाले होते.

पुसणारांना दोष देण्यास मी धजत नाहीं. आमच्या शाळेंत एक टेपरेकॉर्डर आणि चार कॅसेटी होत्या. एका निवृत्त मुख्याध्यापकांनीं स्नेहसंमेलनांत मुलांना कविता म्हणून दाखविल्या, त्या मीं उतरवून घेतल्या. पुढच्या वर्षीं वक्तृत्वस्पर्धा आली. कोरी कॅसेट नव्हती. मीं तीच घातली. कांहीं वर्षांनीं ते वारले. त्यांचा मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, बाबांचा आवाज तुमच्याकडे आहे म्हणे." मीं कॅसेट लावली. स्पर्धेंतील शेवटच्या मुलाचें भाषण संपलें, आणि त्यामागें मुख्याध्यापकांच्या कवितेच्या चार ओळी तेवढ्या उरल्या होत्या. मुलानें त्या उभ्यानेंच ऐकल्या आणि म्हणाला, "पुन्हां लावा." एखाद्या तुकड्यासाठीं माणसें वर्षानुवर्षें कां धडपडतात, हें मला त्या दिवशीं कळलें.

मूळ फीत गेल्यावर शोधावयाचें तरी काय? तर तिची कोठें पडलेली सांवली. रसिकांनीं अशा सांवल्या निरनिराळ्या ठिकाणीं शोधून काढल्या आहेत.

पहिलें ठिकाण म्हणजे दुसराच एखादा कार्यक्रम. 'डॉक्टर हू' या अद्भुत मालिकेच्या २२ मे १९६५ रोजीं दाखविलेल्या भागांत पात्रें एका यंत्रावर भूतकाळ पाहतात, आणि त्यांत बीटल्सच्या 'तिकीट टू राइड' या गाण्याचा तुकडा येतो. तो 'टॉप ऑफ द पॉप्स'मधूनच घेतलेला होता. मूळ फीत गेली. पाहुणा म्हणून गेलेला तुकडा वांचला.

दुसरें ठिकाण म्हणजे काम करणाऱ्याचें घर. डेव्हिड बोवी या गायकानें आपल्या साथीदारांसह ३ जानेवारी १९७३ रोजीं 'द जीन जीनी' हें गाणें सादर केलें. दुसऱ्या दिवशीं तें प्रक्षेपित झालें आणि पुढें पुसलें गेलें. पण जॉन हेनशॉल या कॅमेरामननें त्या वेळीं एक खास भिंग वापरलें होतें. आपल्या कामाचा नमुना म्हणून त्यानें एक प्रत स्वतःजवळ ठेविली. जगांत तेवढीच एक प्रत उरली आहे, याची त्याला कल्पना नव्हती. २०११ सालीं ती उजेडांत आली, आणि त्याच डिसेंबरांत बी.बी.सी.नें ती पुन्हां दाखविली.

तिसरें ठिकाण म्हणजे प्रेक्षकाचें घर. १९६९ च्या जुलैंत मनुष्य चंद्रावर उतरला, तेव्हां 'पिंक फ्लॉइड' या वाद्यवृंदानें बी.बी.सी.च्या स्टुडिओंत वादन केलें. त्याचें चित्र गेलें, ध्वनि मात्र राहिला. बीटल्सच्या त्या १९६६ च्या प्रसंगाचें नेमकें उलट झालें. कोणीतरी घरच्या आठ मिलिमीटरच्या लहान कॅमेऱ्यानें दूरचित्रवाणीचा पडदाच टिपून ठेविला होता. त्यांतील अकरा सेकंदांचा मुका तुकडा २०१९ सालीं मेक्सिकोंतील एका संग्राहकाकडून मिळाला; त्यानंतर सुमारें दीड मिनिटाचा आणखी एक मुका तुकडा पुढें आला. अशा चित्रांत पडदा लुकलुकतो, मधूनच काळे पट्टे सरकतात, आवाज तर नाहींच. तरीहि जें कायमचें गेलें असें त्रेपन्न वर्षें समजत होते, तें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

या साऱ्यांत मला एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. ज्या संस्थेजवळ उत्तम यंत्रें, विस्तीर्ण कपाटें आणि जाणते लोक होते, तिच्याजवळून ठेवा गेला. ज्यांच्याजवळ साधा कॅमेरा आणि केवळ आवड होती, त्यांच्याकडे त्याचा अंश राहिला. एका पिढीची अडगळ पुढच्या पिढीला अमोल वाटेल कीं नाहीं, हें त्या पिढीस सांगतां येत नाहीं. म्हणून आवडीनें ठेविलेली वेडीवांकडी प्रतहि तुच्छ मानूं नये.

श्रोतेहो, आपल्याहि माळ्यावर लग्नामुंजीच्या चित्रफिती, आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी पडलेल्या असतील. त्या लावण्याचीं यंत्रें दुर्मिळ होत चाललीं आहेत, आणि फितीवरील लेपहि दमट हवेनें झिजतो. तेव्हां प्रत्येकीवर नांव, गांव आणि साल लिहा, वेळीच दुसरी प्रत करवून घ्या, आणि ती दोन घरीं ठेवा. फळा पुसावयाचा असेल तेव्हां वर्गाला एकदां विचारावें, "सर्वांचें लिहून झालें ना?" मास्तरकींतली ही संवय मीं कॅसेटीच्या वेळीं पाळली नाहीं. आपण पाळावी, इतकी विनंती करून आपली रजा घेतों.