मन खचणे घराण्यात असते काय?

केळापूर तालुक्यातल्या एखाद्या पोडावर कुणी जेवेनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, की शेजारीपाजारी हळूच म्हणतात, "त्यांच्या घराण्यातच आहे ते." मग त्या घरच्या मुलीची सोयरीकही अडते. आपल्या मंडळींत तरी वेगळे काय होते? आपण म्हणतो, "विश्वास कमी पडला." दोन्ही बोलणी त्या घराला सारखीच लागतात.

संकट दिसले की मेंदू मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींना निरोप धाडतो आणि त्या कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. धुऱ्यावर टिपेश्वरचा वाघ उभा असेल तर हे हवेच. त्यानेच अंगात बळ येते. पुढे हेच कॉर्टिसॉल मेंदूत पोहोचून "आता पुरे" असे सांगते. हा झाला ब्रेक. एफकेबीपी५ नावाचे जनुक तो ब्रेक ढिला करते. काहींना आईबापांकडून या जनुकाचा असा प्रकार मिळतो, की ताण सरला तरी कॉर्टिसॉल लवकर उतरत नाही. आणि वाघ निदान निघून जातो. सावकाराचे कर्ज आणि कपाशीवरची बोंडअळी जात नाही.

पण एवढ्याने आजार होत नाही. म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवले, की हा प्रकार असलेल्या ज्या माणसांनी लहानपणी फार छळ सोसला होता, त्यांच्या या जनुकावरच्या काही रासायनिक खुणा पुसल्या गेल्या होत्या. त्यामुळे ते जनुक ताणाच्या वेळी अधिकच जोराने काम करते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून नैराश्यातला आनुवंशिक वाटा सुमारे ३७ टक्के निघतो. बाकीचा वाटा आयुष्यात जे भोगले त्याचा. मधुमेहही घराण्यात असतो, म्हणून कुणी त्याला पाप म्हणत नाही, की गोळीही टाळत नाही.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जाऊन बसले, बोलले, गरज पडेल त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. त्या लोकांची जनुके काही बदलली नव्हती!

भेटीला जाल तेव्हा झोप आणि जेवण आधी विचारा. जीव द्यायची भाषा कानावर आली तर त्या माणसाला एकटे सोडू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही मिळते.