उजेड बेताचा, टँक हिरवागार

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात आणि त्या पाळ्यांचे वेळापत्रक नकळत घरातल्या फिशटँकलाही लागू होते. सकाळची पाळी करून माणूस दुपारी परततो, टँकचा दिवा लावतो, तो झोपेपर्यंत चालूच राहतो. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपायचे म्हणून पडदेही बंद आणि दिवाही बंद. सुट्टीला पाहुणे आले की पुन्हा बारा-चौदा तास झगझगाट. महिनाभरात काचेवर हिरवा थर बसतो, पाण्याला वास येऊ लागतो आणि हौसेने आणलेल्या झाडांची पाने पिवळी पडून गळतात. मग एखाद्या रविवारी सगळा टँक उपसून, खडी चोळून, फिल्टर नळाखाली धरून लख्ख केला जातो. पुढच्या दोन-चार दिवसांत एकेक मासा उलटा तरंगू लागतो. दोष पाण्याला, दुकानदाराला, कधी नजरेलाही दिला जातो. पण या घसरणीची सुरुवात पुष्कळदा उजेडाच्या चुकलेल्या हिशेबातून झालेली असते.

मत्स्यालयाशी या भागाचे नावाचे नाते आहे. मुंबईत मरिन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या नावातले आडनाव मूळचे तारापूर गावावरून आलेले. शाळेच्या सहलीत ते पाहून आलेल्या अनेकांच्या मनात घरी मासे पाळण्याची इच्छा तिथेच रुजली. मात्र मोठ्या मत्स्यालयात पाण्याचा साठा प्रचंड असतो आणि निगा राखायला माणसे असतात. दोन खोल्यांच्या घरात टीव्हीशेजारी ठेवलेल्या दोन फुटी टँकमध्ये पाणी असते जेमतेम ४५ लिटर. पाणी जितके कमी, तितका बिघाड लवकर. अशा छोट्या टँकला स्थिर ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जिवंत झाडे, आणि ती जगवायला महागडे दिवे लागत नाहीत. घरातल्या उजेडाला साजेशी झाडे निवडायची आणि दिव्याची वेळ कायम ठेवायची, एवढे पुरते.

डोळा फसवतो

घरात भरपूर उजेड आहे, असे आपल्याला वाटते, कारण माणसाचा डोळा कमी प्रकाशाशी चटकन जुळवून घेतो. आकडे वेगळेच सांगतात. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. रात्री ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो साधारण शंभर-दोनशे लक्स भरतो. म्हणजे उन्हाच्या मानाने हजारात एक-दोन भाग. जून ते सप्टेंबर ढगांनी आकाश भरले की खिडकीतून येणारा प्रकाशही निम्म्याहून खाली जातो. त्यातच इमारतीला इमारत चिकटलेली असेल, तर पावसाळ्यात दिवसाही दिवा लागतो.

झाडाचा संसार प्रकाशावर चालतो. उजेडात ते अन्न तयार करते, पण श्वसनासाठी त्याला दिवसरात्र अन्न खर्च करावे लागते. जमा आणि खर्च बरोबरीत येण्यासाठी जितका प्रकाश लागतो, त्याहून कमी मिळाला तर झाड साठवणीतले अन्न खात राहते आणि हळूहळू मरते. दुकानात महिनाभर हिरवे दिसलेले झाड घरी आणल्यावर तीन आठवड्यांनी विरघळते, त्याचे एक कारण हेच. ही बरोबरीची पातळी प्रत्येक जातीची वेगळी असते. लाल पानांच्या, गालिच्यासारख्या पसरणाऱ्या झाडांची भूक मोठी. काही जाती मात्र घनदाट जंगलातल्या सावलीत, ओढ्याकाठी वाढलेल्या. त्यांना थोडक्यात भागवायची सवय असते.

दिवा किती, किती वेळ?

कमी प्रकाशाच्या झाडांसाठी मासे पाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब वापरला जातो : दर लिटर पाण्यामागे १० ते २० ल्युमेन. ४५ लिटरच्या टँकला त्यामुळे ४५० ते ९०० ल्युमेन लागतात. चांगला एलईडी दिवा दर वॅटमागे साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे पाच ते नऊ वॅटचा दिवा पुरेसा आहे. किराणा दुकानात मिळणारा, ‘कूल डेलाइट’ किंवा ६५०० केल्विन असे लिहिलेला साधा एलईडी चालतो. रंग बदलणारे निळे-जांभळे दिवे शोभेचे असतात. टँक एका फुटाहून खोल असेल तर तळापर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी होतो, म्हणून दिवा थोडा मोठा घ्यावा. झाकणाच्या काचेवर बसलेला क्षार आणि धूळही प्रकाश खाते, ती दर आठवड्याला पुसावी.

नऊ वॅटचा दिवा रोज सात तास लावला तर महिन्याला दोन युनिट वीजही लागत नाही. म्हणजे प्रश्न वीजबिलाचा नाही, वेळेचा आहे. सुरुवातीला रोज सहा तास आणि झाडे रुजल्यावर सात-आठ तास, याहून जास्त गरज नसते. आज चार तास, उद्या चौदा, अशाने झाडे अडखळतात आणि शेवाळ फोफावते. पाळीवर जाणाऱ्यांच्या घरात यावर उपाय एकच, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा टायमर. माणसाची पाळी बदलो, टँकची पाळी कायम एकच राहावी. दुपारी तीन ते रात्री दहा असे तास ठेवले तर घरच्यांना टँक पाहायलाही मिळतो. माशांनाही विश्रांतीसाठी रोज अंधार हवा असतो.

टँक खिडकीत ठेवून दिवा वाचवण्याचा मोह टाळावा. थेट ऊन आले की पाणी तापते आणि पोपटी होते. हा पोपटी रंग म्हणजे एकपेशीय शेवाळाचा पूर आहे. शेवाळ हा रोग नव्हे. पाण्यात उजेड आणि खत दोन्ही झाडांच्या गरजेपेक्षा जास्त आहेत, एवढाच त्याचा निरोप असतो. ते खत येते माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून.

सावलीतली मंडळी

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पाच-सहा झाडांपलीकडे जाऊ नये. पश्चिम आफ्रिकेतले अनुबियास हे जाड, गडद पानांचे झाड अतिशय सोशिक आहे. ते इतके सावकाश वाढते की महिन्याला एखादे पान आले तरी पुरे मानावे. जावा फर्नही तसेच. या दोघांचे आडवे खोड खडीत पुरले तर कुजते, म्हणून ते दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधावे. जावा फर्नच्या पानाखाली काळे ठिपके दिसले तर घाबरू नये, बहुधा ते बीजाणूंचे पुंजके असतात. त्याच पानावर पुढे छोटी रोपेही फुटतात. जावा मॉस कुठेही चिकटते आणि गप्पीच्या पिलांना लपायला जागा देते.

क्रिप्टोकोरायनी या नावाने बिचकू नये, दुकानात तिला नुसते ‘क्रिप्ट’ म्हणतात. बाजारात मिळते ती बहुतेक श्रीलंकेतली जात, पण तिच्या काही बहिणी आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत वाढतात. नव्या पाण्यात लावल्यावर क्रिप्टची पाने अनेकदा विरघळून जातात. लोक झाड मेले समजून उपटून टाकतात. मुळे जागेवर राहू दिली तर काही आठवड्यांत नवी पाने येतात. लांब रिबिनीसारख्या पानांचे व्हॅलिसनेरिया बोअरच्या जड पाण्यातही तग धरते आणि मागची बाजू हिरवी करते.

शेवटचे झाड बहुतेक घरांत आधीच असते, ते म्हणजे मनीप्लांट. त्याची मुळे टँकच्या पाण्यात आणि पाने बाहेर ठेवली तर ते पाण्यातले नायट्रेट शोषून घेते. पाने हवेत असल्याने त्याला कार्बन डायऑक्साइडची कमतरता नसते. फक्त पाने पाण्यात बुडू देऊ नयेत. या झाडांपैकी एकालाही कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर किंवा महाग खत लागत नाही.

धुण्याचा अतिरेक

झाडांचे खरे काम शोभेपलीकडचे आहे. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो. तो थोड्या प्रमाणातही विषारी असतो. खडीत आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. झाडे यातला अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खत म्हणून वापरतात. सगळा टँक क्लोरीनच्या पाण्याने धुतला की हे जिवाणू मरतात, आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात मासे अमोनियाने गुदमरतात. त्यामुळे टँक संपूर्ण रिकामा करू नये. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे आणि स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन वापरावे. मात्र ही बादली डासांचे घर होऊ शकते. डेंगी पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. बादलीवर पातळ कापड बांधावे आणि पाणी दुसऱ्या दिवशी वापरून टाकावे. टँकमध्ये गप्पी असतील तर तिथली काळजी नसते. डासांच्या अळ्या खाणारा मासा म्हणून आरोग्य विभाग गप्पीच विहिरी-टाक्यांत सोडतो.

चिंचणी-केळव्याच्या किनाऱ्यावरची वाळू टँकमध्ये घालू नये. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाणी जड होत जाते. औद्योगिक वसाहतीजवळच्या नाल्यातले पाणी किंवा झाडे तर आणूच नयेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होते.

रात्री दिवा बंद झाला की झाडेही माशांप्रमाणे ऑक्सिजन घेऊ लागतात. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३२ अंशांना ७.३ मिलिग्रॅम. म्हणून मे महिन्यात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. एअर पंप रात्री चालू हवा. पावसात वीज गेली तर मगाने टँकमधलेच पाणी वरून सोडत राहावे.

वीज आणि पाणी शेजारी असल्याने दिव्याची वायर सॉकेटकडे थेट नेऊ नये. ती सॉकेटच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न जाता खालीच टपकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत. टँकच्या पाण्यातला मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू त्वचेत शिरला तर महिनोन्महिने न भरणारी गाठ किंवा व्रण होऊ शकतो. अशी जखम डॉक्टरांना दाखवताना घरात फिशटँक आहे, हे आवर्जून सांगावे.

तळ्यातली हायड्रिला

कमी उजेडात तगण्यात एक झाड या सगळ्यांना मागे टाकते. शाळेच्या पुस्तकात नरसाळ्याखाली ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे दाखवतात, तीच हायड्रिला. आपल्याकडच्या तळ्यांत ती सहज आढळते. फ्लोरिडातील संशोधकांनी १९७६ मध्ये मोजून पाहिले, तेव्हा इतर काही पाणवनस्पतींच्या मानाने हायड्रिलाची जमाखर्चाची बरोबरी फारच कमी प्रकाशात होते, असे आढळले. स्वच्छ तळ्यातून मूठभर काड्या आणून, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात काही मिनिटे बुडवून, धुऊन टँकमध्ये सोडल्या तरी त्या वाढतात. अंधूक टँकमध्ये त्या लांबुडक्या होतात आणि पृष्ठभागावर पसरून खालच्या झाडांचा उजेड अडवतात, म्हणून दर पंधरवड्याला छाटाव्या लागतात.

छाटलेल्या काड्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र क्षुल्लक नाही. फ्लोरिडात हायड्रिला मुळात नव्हती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ती फिशटँकच्या व्यापारातून श्रीलंकेहून तिथे पोहोचली आणि कालव्यात गेली. काडीच्या एका तुकड्यापासून नवे झाड होत असल्याने तिने तलाव आणि नद्या भरून टाकल्या. ती काढण्यावर तिथे आजही दरवर्षी लाखो डॉलर खर्च होतात. आपल्या तळ्यातले साधे झाड परक्या पाण्यात संकट ठरले. दूरदेशाहून आपल्या टँकमध्ये आलेले झाड किंवा मासा सूर्या-वैतरणेत, गावतळ्यात गेला तर असेच काही इथे घडू शकते. म्हणून छाटलेली झाडे गॅलरीत उन्हात कडक वाळवावीत आणि तुळशीच्या कुंडीत खत म्हणून घालावीत. नको झालेले मासे नदीत सोडण्याऐवजी दुकानदाराला किंवा मासे पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्यावेत.