उन्हाने काळा पडणारा कॅल्क्युलेटर

मे महिन्यात, नांदेड-लातूरच्या उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या डिकीतून कॅल्क्युलेटर काढला, तर कधी कधी त्याचा पडदा सबंध काळा झालेला दिसतो. सावलीत ठेवला की आकडे परत उमटतात. बिघाड झालेला नसतो. काचांमधला द्रवस्फटिक तेवढ्यापुरता साधा द्रव झालेला असतो.

द्रवस्फटिक द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू साधारण एकाच दिशेने रांगेत राहतात. ही शिस्त पुष्कळशी त्यांच्या आकारातून येते. कडब्याची ताटे समांतर केली की पेंढी सहज बांधता येते; बाभळीच्या फांद्यांची तशी पेंढी होत नाही. ज्वारीच्या दाण्यांना तर दिशाच नाही. म्हणून रेणू लांबट, ताठ आणि फाटे नसलेला हवा. जर्मनीतील फोरलेंडर यांनी हे विसाव्या शतकाच्या आरंभीच ओळखले होते.

पण नुसता ताठपणा नडतो. ताठ रेणू स्फटिकात इतके घट्ट बसतात की ते वितळवायला फार उष्णता लागते. त्यावर तोड म्हणजे लवचीक शेपूट. इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये जाहीर केलेला रेणू पाहा. मध्ये एकमेकींना जोडलेल्या बेंझिनच्या दोन कड्या, एका टोकाला पाच कार्बनांची साखळी, दुसऱ्या टोकाला सायनो गट. कड्या ताठपणा देतात, साखळी स्फटिकाची घडी विस्कटते आणि सायनो गटामुळे रेणू विद्युतक्षेत्रात वळतो.

हा पदार्थ सुमारे २४ ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यानच द्रवस्फटिक असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात त्याची बाटली टेबलावर पाण्यासारखी स्वच्छ दिसते. माठातल्या पाण्यात धरली की दुधाळ होते. एकट्या या पदार्थाचा पडदा मराठवाड्यात मार्चमध्येच निकामी ठरेल!

याच रेणूत बेंझिनची तिसरी कडी घातली, की वरची मर्यादा सुमारे २४० अंशांवर जाते. मात्र तो वितळतोच १३० अंशांना. मग उपाय मिश्रणाचा. डाग देण्याचे शिसे-कथील जसे दोन्ही धातूंपेक्षा कमी तापमानाला वितळते, तसेच येथे घडते. 'ई-७' या प्रसिद्ध मिश्रणात चार पदार्थ आहेत. त्यात तीन कड्यांचा रेणू अवघा ८ टक्के, तरी द्रवस्फटिक अवस्था शून्याखालून सुमारे ६० अंशांपर्यंत टिकते. उन्हातली डिकी तीही मर्यादा गाठू शकते, ही गोष्ट वेगळी.

रेणू काठीसारखाच हवा, ही समजूत १९७७ मध्ये मोडली, तीही भारतात. नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले एस. चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत चकतीसारखे रेणू घेतले: मध्ये बेंझिनची एक कडी, भोवती सहा शेपट्या. भाकरींच्या चवडीप्रमाणे हे रेणू एकावर एक रचले जातात आणि चवडी शेजारी शेजारी उभ्या राहतात. पुढे संगणकाच्या पडद्याकडे बाजूने पाहिले तरी चित्र फिके पडू नये, म्हणून त्यावर लावण्याच्या पातळ पटलातही चकतीसारखे रेणू वापरले गेले.