पुढाऱ्याविना मिरवणूक

उधना-लिंबायत भागात यंत्रमागांची पाळी सकाळ-संध्याकाळ सातच्या सुमारास बदलते. पोटासाठी खानदेशातून आलेली आपली माणसे डबा हँडलला अडकवून सायकलीने निघतात. हमरस्त्यावर एकट्या सायकलस्वाराला मोटारी वाट देत नाहीत. तो थांबतो, मागून दुसरा येतो, पाचवा येतो, दहावा येतो. घोळका पुरेसा जमला की कोणी न सांगताच सारे पुढे सरकतात आणि मोटारींना थांबावे लागते. शाळेत जाताना मीही कितीदा तरी त्यांच्याच आधाराने पलीकडे गेलो आहे.

चीनमधील चौकांत हेच दृश्य पाहून जॉर्ज ब्लिस या अमेरिकन गृहस्थांनी त्याला ‘क्रिटिकल मास’ म्हटले. टेड व्हाइट यांच्या १९९२ च्या माहितीपटातून ते नाव सॅन फ्रान्सिस्कोच्या सायकलस्वारांनी उचलले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून महिन्याच्या अखेरच्या शुक्रवारी एकत्र फिरण्याचा प्रघात तेथे पडला होता. पुढारी नाही, सभासदत्व नाही. वाट कोणती, ते आघाडीचे स्वार ठरवतात. रहदारी आम्ही अडवत नाही, आम्हीही रहदारीच आहोत, असे त्यांचे म्हणणे. ऑगस्ट २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी अशा एका फेरीत अडीचशेहून अधिक जणांना पकडले.

तिकडे याला निषेध म्हणतात. आमच्या कामगारांना तर केवळ घरी पोहोचायचे असते! पण आता पुष्कळांनी हप्त्याने मोटारसायकली घेतल्या आहेत आणि घोळका विरळ झाला आहे. परवा पालकसभेस एका विद्यार्थ्याचे वडील उशिरा आले.

“गुरुजी, चौकात जोडीला कोणी मिळालंच नाही,” एवढेच ते म्हणाले.