सांडव्यावरची जाळी

धरणफुटी म्हटले की महाराष्ट्रातील माणसाला १२ जुलै १९६१ हा दिवस आणि पानशेत आठवते. पानशेतचे धरण मातीचे होते आणि सरकारी होते. प्रस्तुत लेखात ज्या धरणाची हकीकत सांगावयाची आहे, तेही मातीचेच. परंतु ते होते एका क्लबाच्या मालकीचे. त्याच्या पाण्यावर ना शेती पिकत होती, ना गाव पीत होते. ते पाणी अडविले होते केवळ करमणुकीसाठी.

हकीकतीकडे वळण्यापूर्वी मातीच्या धरणाचे शास्त्र थोडक्यात पाहू. असे धरण आपल्या वजनाने उभे असते. मधला चिकणमातीचा थर पाणी झिरपू देत नाही आणि वरचे दगड लाटांचा मारा सोसतात. पण पाणी एकदा का माथ्यावरून वाहू लागले, की मागच्या उतारावरची माती धुपते, घळ पडते, आणि पाहता पाहता घळीचे खिंडार होते. म्हणून तीन गोष्टी अत्यावश्यक ठरतात. धरणाचा माथा पुरेसा उंच हवा. जादा पाणी जाण्यासाठी सांडवा मोकळा हवा. आणि वेळप्रसंगी तलाव रिता करता यावा म्हणून तळाशी मोरी हवी. या तिन्ही गोष्टी एका धरणाने एकामागून एक कशा गमावल्या, हेच आपल्याला पाहावयाचे आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात साउथ फोर्क येथे हे धरण होते. उंची ७२ फूट, लांबी ९३१ फूट. कालव्यातील नौकांना उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून राज्य सरकारने १८३८ साली ते बांधावयास घेतले. ते पुरे झाले १८५३ साली! तोवर आगगाडी आली होती व कालव्याची गरजच संपली होती. धरण आधी रेल्वे कंपनीकडे आणि १८७५ साली एका खासगी गृहस्थाकडे गेले. त्याने तळाच्या मोरीतले बिडाचे नळ काढून मोडीत विकले. पहिले संरक्षण गेले ते असे.

१८७९ साली ही जागा साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लबाच्या हाती आली. पिट्सबर्गचे धनाढ्य कारखानदार क्लबाचे सभासद होते. अँड्र्यू कार्नेगी व हेन्री फ्रिक ही त्यांतली प्रसिद्ध नावे. जुन्या खिंडारात दगडमाती, झुडपे, गवत टाकून ते बुजविण्यात आले; नवे नळ मात्र बसविले नाहीत. घोडागाड्या ऐसपैस जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फुटांनी उतरविला. दुसरे संरक्षण गेले. तलावात मुद्दाम आणून सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसविल्या. तिसरेही गेले. दोन मैल लांबीच्या त्या सरोवरात शिडाच्या होड्या विहरू लागल्या, काठावर टुमदार बंगले उभे राहिले.

खाली १४ मैलांवर जॉन्स्टाऊन हे पोलादाच्या कारखान्यांचे, कामगारांचे गाव होते. सरोवर गावापेक्षा सुमारे ४५० फूट उंचावर. तेथील कँब्रिया आयर्न कंपनीचे डॅनियल मॉरेल यांनी १८८० साली जॉन फुल्टन यांना धरणाची पाहणी करावयास पाठविले. पाणी सोडण्याची सोय नाही व जुन्या खिंडाराची दुरुस्ती भक्कम नाही, असे फुल्टन यांनी स्पष्ट लिहिले. मॉरेल खर्चाचा वाटा उचलावयासही तयार होते. क्लबाने उत्तर दिले, की भीतीचे कारण नाही.

३० मे १८८९ च्या रात्री अतोनात पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरोवर झपाट्याने चढू लागले. मजूर माथ्यावर माती टाकू लागले, एका टोकाला नवा चर खणू लागले. सांडव्याच्या जाळ्या वाहून आलेल्या ओंडक्यांनी व पाल्याने तुंबल्या होत्या. त्या काढू म्हटले तरी निघेनात. मोरी तर नव्हतीच. खाली तारेने इशारे गेले. पण धरण फुटणार ही आवई दर पावसाळी वर्षी उठत असे, त्यामुळे फारसे कोणी हलले नाही. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले. सुमारे दोन कोटी टन पाणी झाडे, घरे, आगगाडीचे डबे घेऊन तासाभरात जॉन्स्टाऊनवर कोसळले. गावातल्या दगडी पुलाशी सारा ढिगारा अडला आणि त्याला आग लागली. पाण्यातून वाचलेले कित्येक त्या आगीत गेले. मृतांचा आकडा २,२०९. त्यांपैकी सातशेहून अधिक जणांची ओळखही पटली नाही.

मग दोषी कोण ठरले? कोणीच नाही. न्यायालयात ही दैवी आपत्ती मानली गेली. काही सभासदांनी मदतनिधीला देणग्या दिल्या, कार्नेगींनी गावाचे ग्रंथालय पुन्हा बांधून दिले. परंतु क्लबाकडून कायद्याने नुकसानभरपाई कोणालाच मिळाली नाही. आपल्या जमिनीवर धोक्याची वस्तू साठविणाऱ्याने ती निसटल्यास भरपाई द्यावी, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयाने १८६८ सालीच मान्य केले होते. तो खटलाही एका खासगी जलाशयाचाच होता. जॉन्स्टाऊननंतरच्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांच्या न्यायालयांनी ते हळूहळू स्वीकारले.

पाऊस दैवाधीन खरा; पण नळ पावसाने विकले नव्हते, माथा पावसाने उतरविला नव्हता आणि जाळ्याही पावसाने लावल्या नव्हत्या. गंमत अशी, की यांतले कोणतेच काम कोणी दुष्टपणाने केले नव्हते. एकाला चार पैसे हवे होते, दुसऱ्याला गाडीवाट, तिसऱ्याला मासे. प्रत्येकाने आपली सोय पाहिली, आणि प्रत्येक सोयीची किंमत खाली राहणाऱ्यांच्या नावे लिहिली गेली.

हे जुने झाले म्हणावे, तर ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे जॉर्जिया राज्यात टोकोआ येथे केली बार्न्स हे मातीचे छोटे धरण फुटले. त्याखाली होते आपल्यासारखेच एक महाविद्यालय. ३९ माणसे दगावली. त्यानंतरच अध्यक्ष कार्टर यांनी लोकवस्तीच्या वर असलेली खासगी व इतर बिगरसंघीय धरणे तपासण्याचा आदेश दिला.

तलाव ज्याचा त्याच्या मालकीचा असू शकतो. उतार मात्र कोणाच्याच मालकीचा नसतो. वरच्या काठावर बसून पाण्याची शोभा पाहणाऱ्याने, हे पाणी निघाले तर कोणाच्या दारी जाईल, एवढे एकदा मागे वळून पाहिले पाहिजे. सांडव्यावरच्या जाळीने मासे अडले की नाही, याची आज कोणी चौकशी करीत नाही.